चबा रांजणात काय म्हणाली

नवस बोलताना थविन गुरुजींची एक चूक झाली.

नवस मोघम बोलायचा असतो. उकडलेली अंडी, डुकराचं डोकं, लाल सोड्याच्या बाटल्या, आणि फारच मोठं काम असेल तर एक सिनेमा. एवढं म्हणायचं आणि हात जोडायचे. कुठला सिनेमा ते सांगायचं नाही. डोनचिक गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि गुरुजींनी तर त्याच गावच्या शाळेत चौतीस वर्षं मुलांना वाचायला शिकवलं होतं. पण तालुक्याच्या इस्पितळात चलोमला आत नेऊन तीन तास झाले होते, त्याच्या गळ्यातली गाठ कसली आहे ते कुणी सांगत नव्हतं, आणि बाकावर बसलेल्या गुरुजींच्या डोक्यात त्या क्षणी दुसरं काहीच येईना. त्यांनी गावाच्या दिशेला तोंड केलं आणि देवराईतल्या आजोबांना, गावाच्या राखणदार देवाला, मनातल्या मनात सांगितलं, "आजोबा, गाठ साधी निघू दे. मी तुमच्यासमोर 'रांजणातलं भूत' लावीन. अख्खा सिनेमा, आवाजासकट. आणि चबा शेवटी रांजणात काय म्हणाली, ते या खेपेला तुम्हाला नीट ऐकवीन."

गाठ साधी निघाली. चलोमचा आवाज तेवढा गेला, म्हणजे पूर्ण गेला नाही, गंजलेल्या बिजागरीसारखा झाला. डॉक्टर म्हणाले, हा असाच राहील.

"राहू दे," घरी आल्यावर चलोम खरखरला. "पंप दुरुस्त करायला आवाज कशाला लागतो? पण मास्तर, तुम्ही नवस काय बोललात म्हणे?"

गुरुजींनी सांगितलं. चलोम हसायला गेला आणि गळा धरून बसला.

चलोम सत्तावीस वर्षांपूर्वी शाळेचा पंप दुरुस्त करायला आला होता. पंप संध्याकाळी चालू झाला, जेवायची वेळ झाली होती म्हणून गुरुजींनी त्याला थांबवलं, आणि तो थांबला तो थांबलाच. गाव त्यांना 'गुरुजी आणि त्यांचा पंपवाला' म्हणायचं. त्यापुढे कुणी काही विचारलं नाही आणि यांनीही कधी सांगितलं नाही. लग्नाची आमंत्रणं दोघांना मिळून एकाच पाकिटातून यायची, पण पाकिटावर नाव फक्त गुरुजींचं असायचं.

दर रविवारी दुपारी दोघं मिळून एक भुताचा विनोदी सिनेमा बघायचे. दोनशे तबकड्या होत्या घरात, सगळ्या त्याच जातीच्या. आतडी लोंबणारं नुसतं डोकं हवेत तरंगत यायचं, ती आतडी सायकलच्या ट्यूबची आहेत हे स्पष्ट कळायचं. तीनशे वर्षांपूर्वीच्या हडळीच्या मनगटावर घड्याळ असायचं. भुताला उडवणारी दोरी दिसली की चलोम टाळी वाजवायचा. गुरुजी वहीत किंकाळ्यांना गुण द्यायचे, दहापैकी. आणि प्रत्येक सिनेमात एखादी तरी चबा असायचीच: तोंडाला पावडर फासलेला, कंबर हलवत चालणारा, स्वतःला 'मी आले, मी गेले' म्हणणारा कथोय, बाई होऊन वावरणारा पुरुष, जो भूत दिसलं की सगळ्यांत मोठ्यांदा किंचाळायचा. लोक त्याला हसायचे. गुरुजीही हसायचे. पण ते त्याच्यावरून नजर हलवत नसत.

पहिली चबा त्यांनी नऊ वर्षांचे असताना पाहिली. कापणी झालेल्या शेतात पडदा लावला होता आणि ते आईच्या शेजारी चटईवर बसले होते. 'रांजणातलं भूत'मध्ये ताईत बांधलेले सात पहिलवान भूत दिसताच पळतात, एकापाठोपाठ एक पाण्याच्या मोठ्या रांजणात उड्या मारतात, तर भूत आधीच त्या रांजणात बसलेलं! सातही जण बाहेर पडून शेतं तुडवत पसार होतात. उरते फक्त चबा. ती नाचणाऱ्या बायकांची वेणीफणी करणारी. तिचा पार्श्वभाग रांजणात अडकलेला असतो. मग ती काय करते? कमरेची फणी काढते आणि भुताचे केस विंचरायला लागते. विंचरता विंचरता काहीतरी म्हणते. भूत रडतं, मग हसतं, आणि दोघी हातात हात घालून जत्रेला जातात. सिनेमा संपतो.

ती काय म्हणाली, ते छोट्या थविनला ऐकू आलं नाही. सगळं गाव इतकं हसत होतं की शब्द त्यात बुडून गेले. त्याने आईला विचारलं, तिलाही ऐकू आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर तो चबाच्या आवाजात मित्रांना सिनेमा सांगत होता, आणि तो आवाज त्याच्या गळ्यातून इतका सहज निघत होता की त्याचं त्यालाच नवल वाटलं. वडील मागे उभे होते. ते रागावले नाहीत, त्यांनी नुसतं पाहिलं. त्या पाहण्यानंतर थविन जाड आवाजात बोलायला लागला, आणि पुढे तोच त्याचा आवाज झाला. चौतीस वर्षं फळ्यापुढे तोच चालला.

आता नवस फेडायचा होता. मोकळ्या मैदानात सिनेमे लावणाऱ्या रंफाईबाईंना गुरुजींनी फोन केला. रंफाईबाई पन्नाशीच्या, यंत्र आणि जुनी रिळं त्यांना वडिलांकडून मिळालेली. थविन नऊ वर्षांचा असताना डोनचिकच्या शेतात पडदा लावला होता तो त्यांच्याच वडिलांनी.

"गुरुजी, रीळ आहे," दोन दिवसांनी त्यांचा उलट फोन आला. "डबा उघडला तर शिरक्याचा वास आला, म्हणजे फिल्म कुजायला लागलीय, पण चालेल एकदा. फक्त एक अडचण आहे. ते मुकं आहे."

"मुकं कसं? मी स्वतः ऐकलंय."

"तुम्ही माणसाला ऐकलंत. तेव्हाचे सिनेमे मुकेच यायचे. गाडीबरोबर एक बोलणारा असायचा. पडद्याच्या बाजूला माईक घेऊन बसायचा, आणि नायक, नायिका, म्हातारी, कुत्रा, सगळे आवाज तोच काढायचा. तुम्ही शिकलेले ना, गुरुजी?"

गुरुजींनी कपाळावर हात मारला. हे त्यांना माहीत होतं. पण नऊ वर्षांच्या थविनला आवाज कापडातूनच येत होता, आणि इस्पितळाच्या बाकावर नवस बोलला होता तो नऊ वर्षांचा थविनच.

देवराईतल्या आजोबांचे पुजारी खामपाईदादा. वय बहात्तर, तोंडात सदा पान. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आवाजासकट म्हणालास?"

"म्हणालो."

"चबाचं वाक्यही ऐकवीन म्हणालास?"

"म्हणालो, दादा."

"साधी अंडी बोलला असतास तर तुझं काय जात होतं?" त्यांनी पिंक टाकली. "थांब, विचारू."

आजोबांना विचारायची रीत अशी, की पुजाऱ्याने दोन्ही हात पसरून बांबूची काठी आपल्या वावेइतकी कापायची, मग प्रश्न विचारायचा आणि काठी पुन्हा मापायची. काठी वाढली तर होकार, आखडली तर नकार. खामपाईदादांनी विचारलं, दुसरा एखादा बोलका सिनेमा चालेल का? काठी दोन बोटं आखडली. मुकाच लावला तर? काठी आणखी आखडली. कुणीतरी आवाज द्यायचाच का? काठी चांगली चार बोटं वाढली. खामपाईदादा छाती फुगवतात की काय, हे गुरुजी फार बारकाईने बघत होते. पण तसं काही दिसलं नाही.

"आजोबांनाही तेव्हा ऐकू आलेलं नाही," खामपाईदादा काठी खाली ठेवत म्हणाले. "पन्नास वर्षं त्यांच्याही मनात अडकलंय ते."

"तुम्ही होतात ना तेव्हा? तुम्हाला काय ऐकू आलं?"

"मला? 'शी, किती उवा!' असं म्हणाली चबा. मला स्पष्ट आठवतंय."

गुरुजींनी शाळेची एक कोरी वही काढली आणि चौकशीला लागले. पन्नास वर्षांपूर्वी त्या शेतात बसलेली जेवढी माणसं अजून गावात होती, तेवढ्यांना विचारलं. भाजीवाल्या सुनीमावशी म्हणाल्या, "ती म्हणाली, 'नवरा मिळेना म्हणून रांजणात येऊन बसलीस काय गं?'" माजी सरपंच म्हणाले, "चबा म्हणाली, 'सरपंचांना बोलवा!'" तेव्हा सरपंच त्यांचे वडील होते. एका निवृत्त हवालदाराचे कान लाल झाले आणि त्याने काय ऐकलं ते सांगायलाच नकार दिला. विहाराचे थोरले भिक्खू म्हणाले, "मी तेव्हा भिक्खू नव्हतो, त्यामुळे मी तिच्या सपाता बघत होतो."

वहीत चौदा उत्तरं झाली. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. मुलांच्या उत्तरपत्रिका तपासताना गुरुजींना जसा आनंद व्हायचा तसाच आता व्हायला लागला. चुकलेलं उत्तर बरोबर उत्तरापेक्षा जास्त सांगतं, असं ते नेहमी म्हणायचे. प्रत्येकाने चबाच्या तोंडी आपलंच काहीतरी घातलं होतं. पण मग ती खरंच काय म्हणाली?

रंफाईबाईंनी बोलणाऱ्याचा पत्ता शोधून काढला. रंगमंचावरचं नाव दाओरुंग, मुक्काम रोई एत, सुनेच्या नूडलच्या दुकानामागची खोली. गुरुजी आणि चलोम बसने गेले.

दाओरुंगकाका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, चिमणीएवढे, दातांची कवळी पेल्यात ठेवलेली. चार मुलं, सात नातवंडं, भिंतीवर बायकोचा हार घातलेला फोटो. गुरुजींनी मनात वेगळंच कुणीतरी रंगवलं होतं, ते त्यांना थोडा वेळ बाजूला ठेवावं लागलं.

"चबाचा आवाज तुमचाच?"

"माझाच. भुताचाही माझा. कुत्र्याचाही. कुत्रा सगळ्यांत अवघड, त्याला ओठ हलवायची शिस्त नसते."

"काका, एक विचारू? लोक तिला हसायचे. तुम्ही ती हसण्यासाठीच करायचात?"

म्हाताऱ्याने कवळी पेल्यातून काढली, झटकली, तोंडात बसवली. मग नीट बोलायला लागला.

"पहिल्या रिळात तिला हसायचे. दुसऱ्यातही. पण मी पडद्याच्या बाजूला बसायचो गुरुजी, मला पडद्यापेक्षा माणसं जास्त दिसायची. शेवटच्या रिळात ती दिसेनाशी झाली की लोक माना उंच करून शोधायचे, 'चबा कुठाय? चबा कुठाय?' पहिलवानांना कुणी शोधलं नाही. कुठल्याच गावात नाही."

"आणि रांजणात ती काय म्हणते?"

काकांनी खाटेखालून एक पत्र्याची पेटी ओढली. त्यात जुन्या वह्या होत्या, एकेका सिनेमाची एकेक. 'रांजणातलं भूत'ची वही कोपऱ्यात वाळवीने खाल्लेली, पण अक्षर छान. चलोमने पानं उलटली. शेवटचं पान आलं. भूत: सगळे पळाले. तू का नाही पळालीस? आणि त्याखाली, चबाच्या नावापुढे, दोनच शब्द: 'गाव बघून'.

"म्हणजे काय?" चलोमने विचारलं.

"म्हणजे गाव बघून बोलायचं. छावणीत शिपाई असले की वात्रट. विहाराच्या जत्रेत सभ्य. कुठे सासुरवाशिणी रडवेल्या दिसल्या तर त्यांच्यासाठी काहीतरी. तिथे लिहिलेलं वाक्य कधी नव्हतंच."

"आणि डोनचिकला? आमचं गाव बघून काय बोललात?"

"त्या हिवाळ्यात मी साठ गावं केली, गुरुजी. कसं आठवणार?" गुरुजींचा चेहरा बघून म्हातारा जरा पुढे सरकला. "पण तुम्हाला ऐकू आलं नाही, ही माझी चूक. पोरगेला होतो. हशा चालू असतानाच बोलून टाकायचो, थांबायला धीर नव्हता. पुढे शिकलो. त्या दृश्यात चबा बराच वेळ आपल्याकडे पाठ करून विंचरत असते. तेव्हा थांबा. हसू पूर्ण खाली बसू द्या. मग बोला. पाठीला ओठ नसतात, कधीही बोललं तरी जुळतं."

"मी? मी बोलू?"

"मग कोण? माझ्या तोंडात आता दात टिकत नाहीत, वाक्य कुठून टिकणार? वही घेऊन जा. आणि गाव बघा."

"मी साठ वर्षं त्याच गावात आहे, काका."

"अरे देवा," म्हातारा म्हणाला. "मग अवघड आहे."

परतीच्या बसमध्ये चलोमने जाहीर केलं, "भूत मी करणार."

"तुझा गळा?"

"त्यासाठीच तर. असा आवाज कुठल्या भुताला मिळालाय? तबकड्यांमधली सगळी भुतं माझ्यापुढे शाळकरी पोरी."

तालीम घरामागच्या पाण्याच्या रांजणापाशी सुरू झाली. चलोम आत डोकं घालून बोलायचा, म्हणजे आवाज घुमायचा. पहिल्याच दिवशी शेजारच्या कोंबड्या दोन तास अंगणात फिरकल्या नाहीत. गुरुजींचं मात्र जमत नव्हतं. पहिलवान जमले, म्हातारी जमली, कुत्रासुद्धा जमला. चबा तोंड उघडायची आणि आतून मुख्याध्यापक बोलायचे.

"मास्तर, ती भुताला भ्यायलीय. शुद्धलेखन सांगत नाहीये."

"आवाज लागत नाही रे. वय झालं."

चलोमने रांजणातून डोकं बाहेर काढलं. केसांतून पाणी निथळत होतं. "खोटं. तुम्ही झोपेत बोलता तेव्हा लागतो. सत्तावीस वर्षं ऐकतोय मी."

त्या रात्री वहीत गुरुजींनी 'गाव बघून' या शब्दांखाली एक वाक्य लिहिलं, खोडलं, दुसरं लिहिलं. अडचण काय होती ते त्यांना नीट कळत होतं. चबा खोट्या आवाजात केली तर नवस अर्धा राहणार. आणि खऱ्या आवाजात केली, तर जो आवाज विहिरीवर एकदा वडिलांनी ऐकला, तो सगळं गाव ऐकणार. समोर त्यांनी शिकवलेली माणसं बसणार होती, त्यांची मुलं, आणि त्यांच्या मुलांचीही मुलं. आजवर कुणी विचारलं नव्हतं म्हणून सांगितलं नव्हतं. आता न विचारता सांगण्यासारखं होणार होतं ते. अकरा वाक्यं खोडून झाली, तेव्हा त्यांनी एक बिनधोक वाक्य पक्कं केलं आणि दिवा मालवला.

कापणीनंतरच्या थंडीत, देवराईसमोरच्या शेतात पडदा लागला. पुढची रांग आजोबांची आणि त्यांच्या परिवाराची. अकरा रिकाम्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, प्रत्येकीसमोर लाल सोड्याची बाटली, बाटलीत नळी. मागे चटयांवर सगळं गाव. चबा काय म्हणाली याची चौकशी दोन महिने चालली होती, त्यामुळे शेजारच्या दोन गावांतूनही माणसं आली होती. पैजा लागल्या होत्या. सुनीमावशी 'नवरा मिळेना'वर ठाम होत्या.

दिवेलागणीला खामपाईदादांनी उदबत्त्या लावल्या आणि रंफाईबाईंनी यंत्र सुरू केलं. पडद्याच्या बाजूला एक टेबल, एक माईक, दोन खुर्च्या. गुरुजींनी चष्मा पुसला.

पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग चबा पडद्यावर आली, कंबर हलवत, हातात पिसांचा पंखा. गुरुजींनी तोंड उघडलं, "बायांनो, रांगेत उभ्या राहा, एकेकीची वेणी घालते."

"गुरुजी, हजेरी घेताय का?" मागून कुणीतरी ओरडलं. शेत खदखदलं. टेबलाखाली चलोमने गुरुजींच्या गुडघ्यावर गुडघा आपटला.

पडद्यावर चबा आरशात बघत होती. आरशात, तिच्या खांद्यामागे, भूत उभं राहिलं. भुताच्या डोक्यावरचा टोप किंचित तिरका बसला होता आणि त्याची दोरी कानामागून स्पष्ट दिसत होती. गुरुजींना ती दोरी दिसली, आणि का कोण जाणे, त्यांना भयंकर आनंद झाला. चबाने तोंड उघडलं. गुरुजींनीही उघडलं.

किंकाळी निघाली ती विहिरीवरच्या थविनची. पातळ, लांब, मध्येच गिरकी घेऊन पुन्हा वर चढणारी. पन्नास वर्षं आत ठेवलेली, त्यामुळे ती संपेचना. चबाचं तोंड मिटलं तरी ती चालूच राहिली. दूरची कुत्री भुंकायला लागली.

मग कुठल्यातरी चटईवरून एका बाईने टाळी वाजवली, आणि त्यामागून सगळं शेत कडाडलं.

"दहापैकी दहा," चलोम माईक हाताने झाकून म्हणाला.

त्यानंतर चबा अडली नाही. गुरुजी स्वतः कुठे गेले ते त्यांनाच समजलं नाही. चबाने पहिलवानांची खिल्ली उडवली, सपाता हरवल्या म्हणून गळा काढला, पळता पळता थांबून ओठ रंगवले. लोक हसत होते, आणि म्हातारा दाओरुंग म्हणाला होता ते गुरुजींना आता बाजूला बसून स्पष्ट दिसत होतं. ती पडद्याबाहेर गेली की माना उंच होत होत्या.

शेवटचं रीळ लागलं. सात पहिलवान रांजणात गेले आणि बाहेर आले. चबा अडकली. चलोम माईकजवळ सरकला आणि गंजलेल्या बिजागरीच्या आवाजात म्हणाला, "सगळे पळाले. तू का नाही पळालीस?" पुढच्या चटईवरची दोन पोरं आजीच्या मांडीत शिरली.

गुरुजींनी पक्कं केलेलं वाक्य टाकलं, "कशी पळू बाई? मागचा भाग तुझ्या रांजणाला आवडलाय!"

शेत फुटलं. सुनीमावशी चटईवर आडव्या झाल्या. पन्नास वर्षांपूर्वीसारखंच हसू, सगळ्यांवरून धो धो वाहणारं. नवस इथे फिटला असता. कुणी काही म्हणालं नसतं.

पण चबाने फणी काढली आणि पाठ केली. ती पाठ पडद्यावर तशीच राहिली, हात वरखाली होत राहिला. गुरुजी थांबले. हसू ओसरलं. कुणी खोकलं. रंफाईबाईंच्या यंत्राची खटखट ऐकू यायला लागली. पुढे अकरा खुर्च्या आणि अकरा नळ्या. त्यांनी गाव बघितलं.

"भीती वाटत होती गं," चबा म्हणाली, हळू, त्यांच्या स्वतःच्या गळ्यातून. "पण सगळे ज्याला बघून पळतात, ते असतं तरी कसं, हे मला एकदा जवळून बघायचं होतं. लहान होते तेव्हापासून. आता बघितलं. केस तेवढे विंचरत जा. बाकी तू चांगली आहेस."

पडद्यावर भूत रडायला लागलं. वहीत इथे नुसते हुंदके लिहिले होते. चलोमने हुंदका द्यायला श्वास घेतला आणि त्याच्या तोंडून भलतंच निघालं, भुताच्याच आवाजात, माईकवर, तीन गावांसमोर.

"आणि मी सत्तावीस वर्षं याच रांजणात बसलोय मास्तर, ते दिसलं नाही वाटतं तुम्हाला?"

आधी कोण हसलं ते सांगता येणार नाही. काहींच्या मते थोरले भिक्खू. पण त्यानंतर जे हसू उठलं ते आधीच्यापेक्षा मोठं होतं, त्यात शिट्ट्या होत्या, माजी सरपंच मांडीवर थापा मारत होते, आणि कुणीतरी ओरडत होतं, "अहो गुरुजी, उत्तर द्या! उत्तर द्या!"

गुरुजींनी उत्तर दिलं. पण थांबायचं ते विसरले. हशा चालू असतानाच बोलून गेले, आणि पडद्यावर दोघी हातात हात घालून जत्रेला निघाल्या आणि रीळ संपलं.

त्यांचं उत्तर फक्त चलोमला ऐकू आलं, कारण तो त्यांच्या खांद्याला टेकून बसला होता. "दिसलं रे," असं ते म्हणाले होते, "म्हणून तर मोठा रांजण घेतला." चलोम इतका हसला की रंफाईबाईंना त्याला पाणी पाजावं लागलं.

सकाळी खामपाईदादा काठी घेऊन घरी आले. रात्री मापली होती म्हणे. सहा बोटं वाढली होती, आजवर कधी इतकी वाढली नव्हती. नवस फिटला. काठी दाराशी टेकवून ते घुटमळत राहिले.

"चहा?" चलोमने विचारलं.

"घेतो. गुरुजी, एक विचारायचं होतं. सगळ्यात शेवटी चबा काय म्हणाली? मला नीट ऐकू आलं नाही. सुनी म्हणते, 'चल, लग्न करू' असं म्हणाली. सरपंचाचं वेगळंच आहे."

चलोमने गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी उठून फडताळातली वही आणली, चौदा उत्तरांनंतरचं पान उघडलं, नवीन मथळा लिहिला आणि पेन्सिलीला टोक केलं.

"बसा ना, दादा," ते म्हणाले. आवाज जाड नव्हता, पण खामपाईदादांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "आधी सांगा, तुम्हाला काय ऐकू आलं?"